माय भारीच पाहिजे

नागपूरच्या सक्करदऱ्यातल्या आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्यावर एक ख्रिस्ती कुटुंब राहतं आणि दर रविवारी सकाळी जिन्यातून एक आवाज उतरत येतो, प्लास्टिकची खुर्ची भिंतीला घासल्याचा. खुर्चीत आजी बसलेल्या असतात. अंगावर धुवट पांढरं पातळ, मांडीवर कापडी पिशवीत बायबल. मागून मुलगा धरतो, पुढून नातू. मुलगा स्वतःच साठीला टेकलेला, त्यामुळे प्रत्येक वळणावर खुर्ची टेकवायची, दम घ्यायचा, मग पुढच्या पायऱ्या. खाली चर्चला न्यायला ऑटो उभा असतो.

एकदा ऑटोवाल्याने खुर्चीला हात लावला आणि सहज बोलून गेला, "भारी झाली बाप्पा तुमची माय."

मुलगा घाम पुसत म्हणाला, "भारीच पाहिजे न भाऊ. हलकी झाली असती त भेव लागलं असतं."

त्याचं म्हणणं साधं होतं. आमच्या चौकात शासकीय आयुर्वेद महाविद्यालयाचा दवाखाना आहे, थोडं पुढे मेडिकल कॉलेज आहे. म्हाताऱ्या माणसाचं वजन घटू लागलं की काय समजायचं, ते या भागात पोराटोरांनाही कळतं. पण त्या दिवशी ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. ज्या धर्माच्या प्रार्थनेला तो आईला घेऊन निघाला होता, त्या धर्मातली आईबापांविषयीची आज्ञा मूळ भाषेत हेच बोलते. माय भारी पाहिजे, हलकी होता कामा नये. मला हे कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ नुसता शब्दकोशाकडे बघत बसलो होतो.

मोशेला सीनाय पर्वतावर मिळालेल्या दहा आज्ञा बऱ्याच जणांनी ऐकलेल्या असतात. खून करू नको, चोरी करू नको, खोटी साक्ष देऊ नको. त्यातलीच एक आई आणि बाप यांचा मान राखण्याची. ती बायबलमध्ये दोनदा येते, 'निर्गम' या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात आणि 'अनुवाद' या पुस्तकाच्या पाचव्या. तिचा क्रमांक मात्र विचारू नका. नागपुरात सेमिनरी हिल्सच्या बाजूला एखाद्या कॅथलिक धर्मगुरूला विचाराल तर ते चौथी म्हणतील. स्कॉटिश मिशनऱ्यांच्या परंपरेतल्या, म्हणजे स्टीफन हिस्लॉपच्या वारशातल्या चर्चमध्ये विचाराल तर पाचवी. आज्ञा दहाच आणि मजकूरही तोच. पण कॅथलिक आणि लूथरन मंडळी संत ऑगस्टीनच्या पद्धतीने सुरुवातीच्या दोन आज्ञा एकत्र मोजतात आणि शेवटच्या आज्ञेचे दोन भाग करतात, म्हणून मधले सगळे आकडे एकाने सरकतात. एकाच शहरात एकच आज्ञा दोन क्रमांकांनी नांदते आणि त्यावरून कोणाचं भांडण झाल्याचं माझ्या कानावर नाही.

आता त्या शब्दाकडे येऊ. मराठीत आपण 'मान राख' म्हणतो. हिब्रूत तिथे शब्द आहे 'कब्बेद'. त्याचा धातू क-ब-द, आणि त्याचा मूळ अर्थ जड असणं, वजनदार असणं. आज्ञा अगदी शब्दशः घेतली तर ती अशी होते: तुझ्या बापाला आणि आईला जड कर. त्यांना वजन दे. याच धातूपासून 'कावोद' हा शब्द झाला, तो देवाच्या वैभवासाठी वापरतात. याच धातूपासून 'कावेद' झाला, म्हणजे यकृत, कारण शरीराच्या आतला सगळ्यात वजनदार अवयव तोच. खाटकाच्या दुकानात आपण ज्याला कलेजी म्हणतो ते यकृतच असतं, आणि घरी येऊन लेकराला आपण 'माझं काळीज' म्हणतो. हिब्रू माणसाच्या काळजात जडपणा आहे आणि तोच आईबापाच्या मानातही आहे.

आणि उलट शब्द? तोही तितकाच नेमका. निर्गमाच्या पुढच्याच अध्यायात आईबापाला शिव्याशाप देणाऱ्याविषयी कडक कायदा आहे. तिथे जे क्रियापद आहे त्याचा धातू क-ल-ल, म्हणजे हलकं असणं. शाप देणं म्हणजे हलकं करणं. आपल्याकडे 'हलक्या कानाचा माणूस' म्हणतात, 'त्याने मला हलक्यात घेतलं' म्हणतात. तराजू तोच.

इथवर आलो तेव्हा मला वाटलं होतं की ही वाळवंटातल्या एका भाषेची गंमत आहे. मग लक्षात आलं की ही गंमत तर घरातच पडून होती. संस्कृतात 'गुरु' म्हणजे जड. 'लघु' म्हणजे हलका. छंदशास्त्र शिकताना लघु-गुरु मात्रा आपण सगळ्यांनी मोजल्या आहेत. त्या गुरूपासून 'गौरव' झाला, म्हणजे मुळात जडपणा. हिब्रू आणि संस्कृत या दोन भाषांचा एकमेकींशी काही नातेसंबंध नाही, कुळं वेगळी आहेत. तरी दोघींनी स्वतंत्रपणे ठरवलं की मान म्हणजे वजन. मराठीने तर पुढे जाऊन 'त्यांच्या शब्दाला वजन आहे' असं केलं, आणि सरकारी कचेरीत फायलीवर वजन ठेवण्याची तऱ्हाही काढली, पण ती वेगळी गोष्ट.

मराठीची खरी खोच मात्र पुढे आहे. आपल्याकडे 'म्हातारे आईबाप मुलांना जड झाले' असंही म्हणतात. त्याच शब्दाने मान होतो आणि त्याच शब्दाने ओझं होतं. हिब्रूतही असंच आहे. फारोचं मन 'जड' झालं असं निर्गमात म्हटलंय, म्हणजे ते हटूनच बसलं. मोशे स्वतःला 'जड जिभेचा' म्हणतो. म्हणजे ही आज्ञा ज्यांनी ऐकली त्यांना त्या शब्दाच्या दोन्ही बाजू ऐकू येत असणार. आईबाप जड आहेतच. त्या जडपणाचं काय करायचं, ते आज्ञा सांगते.

ही आज्ञा नेमकी कोणाला दिली, ते पाहिलं की तिचा रंग आणखी बदलतो. आपल्याला वाटतं ती लहान मुलांसाठी आहे. संडे स्कूलमध्ये पोरांना उभं करून पाठ करून घेतात, आणि घरी आल्यावर आई म्हणते, बघ, शास्त्रात काय लिहिलंय. पण आजूबाजूच्या आज्ञा वाचा. शब्बाथाच्या दिवशी तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझे नोकर आणि तुझी जनावरं, कोणीही काम करायचं नाही. शेजाऱ्याच्या बायकोचा, त्याच्या बैलाचा, गाढवाचा लोभ धरायचा नाही. हे दहा वर्षांच्या पोराला कोण सांगेल? ज्याला सांगितलंय तो कर्ता पुरुष आहे, घरदार आणि गुरंढोरं असलेला. त्याचे आईबाप अर्थातच म्हातारे. आणि सगळी टोळी चालतेय वाळवंटातून, जिथे न चालणारं माणूस खरोखरच ओझं असतं. 'कह्यात राहा' असं ही आज्ञा म्हणत नाही, आणि नवल म्हणजे 'प्रेम कर' असंही म्हणत नाही. बायबलमध्ये देवावर प्रेम कर, शेजाऱ्यावर प्रेम कर असं आहे. आईबापाच्या बाबतीत मात्र शब्द वजनाचा. प्रेम असलं तर उत्तमच. नसलं तरी खुर्ची उचलायची आहे.

यहुदी पंडितांनी या वजनाचा हिशेबच मांडून ठेवला. तालमुदात आईबापांचा मान म्हणजे काय, याची यादी आहे: त्यांना खाऊ घालणं, पाणी देणं, कपडे घालणं, पांघरूण घालणं, आत आणणं, बाहेर नेणं. आणि धाक म्हणजे काय, तर त्यांच्या जागेवर न बसणं, त्यांचं बोलणं न खोडणं. या यादीत पाया पडणं कुठेच नाही. आत आणणं, बाहेर नेणं मात्र आहे. जिन्यातली ती खुर्ची मला या यादीत अगदी स्पष्ट दिसली. जागेचं म्हणाल तर सक्करदऱ्याला मानाची जागा देण्याचा चांगला सराव आहे. राजे रघुजीराव भोसल्यांनी १९०८ साली पागलखान्यातून ताजुद्दीन बाबांना आणलं आणि आपल्या इथल्याच राजवाड्यात ठेवलं. हिंदू राजाने मुसलमान फकिराला दिलेली ती जागा आजही लोक हात जोडून दाखवतात.

येशूच्या काळापर्यंत या हिशेबात पळवाट निघालेली होती. तिचं नाव 'कोर्बान'. एखादी वस्तू किंवा पैसा देवाला वाहिला असं जाहीर केलं की त्यावर माणसाचा हक्क राहत नसे. मग काही चतुर मंडळी म्हाताऱ्या बापाला सांगत, तुम्हाला द्यायचं होतं ते मी देवाला वाहिलंय, आता हात लावता येत नाही. मार्कच्या सातव्या अध्यायात येशू धर्मपंडितांना यावरूनच फैलावर घेतो. तुमच्या रूढीपायी तुम्ही देवाची आज्ञा रद्द करून टाकली, असा त्याचा आरोप आहे. कोर्बान हा शब्द ओळखीचा वाटला ना? आपण 'कुर्बानी' म्हणतो त्याचाच हा भाऊ. देवाला वाहण्याच्या नावाखाली बापाला उपाशी ठेवणं येशूला सगळ्यात खुपलं, हे मला फार मोलाचं वाटतं. त्याच्या दृष्टीने आईबापांचं वजन देवाच्या पेटीत टाकून हलकं होत नाही.

ग्रीक भाषेत ही आज्ञा गेली तेव्हा आणखी एक पलटी झाली. तिथल्या भाषांतरात 'कब्बेद'साठी 'तिमान' हे क्रियापद आलं. त्याचं मूळ नाम 'तिमे', म्हणजे किंमत. वजनाची किंमत झाली. नव्या करारात विधवांचा मान राखा असं जिथे येतं तिथे पुढचा मजकूर सरळ त्यांच्या पोटापाण्याचा आहे, आणि ज्यांच्या घरी विधवा आई किंवा आजी आहे त्यांनी आधी आपल्या घरचं देणं फेडावं, असं बजावलेलं आहे. आपल्या देशाने २००७ साली ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा केला आणि दरमहा जास्तीत जास्त दहा हजार रुपयांचा आकडा घातला. आकडा चिमुकला आहे, पण 'मान म्हणजे किंमत' हे कायद्यालाही पटलेलं दिसतं.

हे सगळं गोड गोड झालं. मराठी ख्रिस्ती इतिहासात शिरलं की घशात काहीतरी अडकतं. कारण एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रात जे तरुण ख्रिस्ती झाले, त्यांपैकी अनेकांना त्यासाठी आईबापांना दुखवावं लागलं. ज्या पुस्तकात आईबापांना वजन द्यायला सांगितलंय, तेच पुस्तक हातात घेऊन घराचा उंबरा ओलांडायचा. येशूची काही वाक्यंही अशीच कापणारी आहेत, माझ्यापेक्षा आईबापांवर जास्त प्रीती करणारा माझ्या योग्य नाही, अशा अर्थाची. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत, वय बारा-तेरा, मिशनऱ्यांकडेच राहिलेला. बाप तिथल्या सुप्रीम कोर्टात गेला आणि कोर्टाने मुलगा बापाच्या ताब्यात दिला. गोष्ट इथे संपायला हवी होती. पण मिशनऱ्यांबरोबर जेवलेला मुलगा जातीत परत घ्यायचा की नाही यावरून मोठं रण माजलं. बाळशास्त्री जांभेकर प्रायश्चित्त देऊन घ्यावा या बाजूने उभे राहिले आणि सनातन्यांच्या रोषाला सामोरे गेले. बापाने कोर्टात जिंकलेला मुलगा बापाच्याच बिरादरीला नकोसा झाला. आईबापांचा मान कोणी राखला आणि कोणी घालवला, याचा निवाडा मला तरी करता येत नाही.

नागपूरचं नाव या इतिहासात येतं ते नारायण वामन टिळकांमुळे. ते इथे अप्पासाहेब बुटींच्या आश्रयाला होते. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका सहप्रवाशाने त्यांना बायबल दिलं आणि १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढची रामकहाणी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'तून सगळ्यांना ठाऊक आहे. कमी ठाऊक आहे ती 'ख्रिस्तायना'ची गोष्ट. ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र लिहायला टिळकांनी घेतलं, पण १९१९ मध्ये ते गेले तेव्हा जेमतेम दहा-अकरा अध्याय झाले होते. लक्ष्मीबाईंनी, ज्यांना लग्नानंतर अक्षरओळख झाली त्या बाईंनी, पुढचे ६४ अध्याय लिहिले. त्याही गेल्या, आणि शेवटचा अध्याय मुलाने, देवदत्त टिळकांनी पुरा केला. बापाने उचललेलं ओझं आईने नेलं आणि शेवटच्या टप्प्याला मुलाने खांदा दिला.

खांदा म्हटलं की मला थांबावंच लागतं, कारण या विषयातली सगळ्यात जड गोष्ट पंडिता रमाबाईंची आहे. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे कडवे वैष्णव. पण बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवण्याचा त्यांनी गुन्हा केला. उडुपीला विद्वानांच्या सभेत त्यांना त्याचं समर्थन करावं लागलं आणि ते त्यांनी शास्त्राचे आधार काढून केलं. गंगामूळच्या रानात १८५८ साली रमाबाईंचा जन्म झाला. वडील तोवर थकलेले, म्हणून रमाबाईंना संस्कृत शिकवलं ते आईने, पहाटे उठवून. मग तीर्थाटन, पुराण सांगणं, मिळेल त्यावर गुजराण.

१८७०च्या दशकातल्या दुष्काळात या कुटुंबाची वाताहत झाली. दागिने गेले, भांडी गेली. मोलमजुरी ब्राह्मणाला शोभत नाही आणि भीक मागवत नाही, अशा कात्रीत ते रानातला पाला खाण्यापर्यंत आले. शेवटी वडिलांनी जलसमाधीचा विचार बोलून दाखवला. तेव्हा भाऊ, श्रीनिवास, पुढे झाला: मी जातीचा अभिमान बाजूला ठेवतो, मजुरी करतो, पण तुम्हाला मरू देत नाही. वडील तरीही वाचले नाहीत. मरणापूर्वी संन्यास घेतल्यामुळे दहन नव्हे, दफन करायचं होतं आणि न्यायला माणसं नव्हती. मुलाने तो देह धोतरात बांधून एकट्याने नेला. थोड्याच दिवसांत आई गेली. गावात कोणी हात लावेना. महामुश्किलीने दोन ब्राह्मण तयार झाले. तिसरा भाऊ. चौथा खांदा रमाबाईंचा, विशीही न गाठलेल्या मुलीचा. स्मशान सुमारे तीन मैल. आणि रमाबाई ठेंगण्या. खांद्यावर घेतलं तर तिरडी कलते. म्हणून त्यांनी आपल्या बाजूचा भार डोक्यावर घेतला.

आईला डोक्यावर घेणं हा वाक्प्रचार नव्हता. ते तीन मैल होते.

पुढे १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेजला रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. पुण्यात गदारोळ झाला. आईबापांच्या धर्माशी द्रोह केला, असं म्हणणारे खूप होते. पण बारकावे बघा. १८८७ मध्ये त्यांचं 'द हाय कास्ट हिंदू वुमन' निघालं ते आईच्या, लक्ष्मीबाई डोंगऱ्यांच्या, स्मृतीला अर्पण होतं. शाकाहार सुटला नाही. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं कोरण्याचा विषय निघाला तेव्हा त्यांनी संस्कृताचा हट्ट धरला. पहाटे आईने शिकवलेली भाषा ती. आणि १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात, म्हणजे आपल्याच या नागपूर राजधानी असलेल्या मुलखात, दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः इकडे आल्या आणि शेकडो उपाशी मुलींना उचलून घेऊन गेल्या. त्या वेळी त्यांनी स्वतःच्या दुष्काळाची हकीकत लिहून काढली. आईबाप कसे गेले ते त्यात आहे. या मुलींना का न्यायचं याचं दुसरं कुठलं कारण त्यांनी दिलं असतं तर ते खोटं वाटलं असतं.

आणि मग ती गोष्ट, जिच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये उतारवयात रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणायला घेतलं. उपलब्ध भाषांतरांची मराठी साध्या बायकांना जड जाते, हे त्यांचं कारण. खिळे जुळवायला, छापायला मुक्तीमधल्याच मुली. कानांनी साथ सोडत चाललेली, एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्ये डोळ्यांदेखत गेलेली, तरी काम चालूच. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या आणि १९२४ मध्ये ते बायबल छापून बाहेर आलं. त्या भाषांतरात कधीतरी एका दिवशी निर्गमाचा विसावा अध्याय आला असणार. बाराव्या ओवीवर, अहं, वचनावर (पुराणिकाच्या मुलीविषयी लिहिताना हात चुकतो), लेखणी थांबली असेल की नाही, कोण जाणे. संस्कृत येणाऱ्या बाईला 'कब्बेद'मधला जडपणा आणि 'गौरवा'तला जडपणा एकच आहे हे दिसलं नसेल, हे मात्र मला खरं वाटत नाही. आईचं वजन किती, हे तिला शब्दकोशातून शोधायची गरज नव्हती.

मागच्या रविवारी नातवाची परीक्षा होती. जिन्यात आवाज आला नाही, म्हणून मी वर डोकावलो. मुलगा रिकाम्या खुर्चीशेजारी उभा होता, खालच्या दुकानातल्या पोट्ट्याला बोलवायला कोणीतरी गेलं होतं आणि आजी बायबलची पिशवी धरून दारात तयार. मला बघून म्हणाल्या, "तुमची पाठ नाही न दुखणार बाबू? राहू द्या, घरीच प्रार्थना करीन."

मुलाने मागचे दोन पाय धरले, मी पुढून एक, पोट्ट्याने एक. पहिल्या वळणावर टेकवली, तेव्हा माझ्या दंडाला कळ लागली होती. आजी वरून म्हणाल्या, "डावीकडे थोडं वर घ्या, मी कलते."

मी माझी बाजू वर घेतली.